दोनाचा २५५वा घात, वजा १९

५७८९६०४४६१८६५८०९७७११७८५४९२५०४३४३९५३९२६६३४९९२३३२८२०२८२०१९७२८७९२००३९५६५६४८१९९४९.

ही सत्त्याहत्तर अंकी संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः सोडली तर तिला कुठल्याच पूर्ण संख्येने निःशेष भाग जात नाही. ती पाठ करायची गरज नाही. दोनाचा २५५वा घात काढायचा आणि त्यातून १९ वजा करायचे, की ती समोर उभी राहते. गेली बरीच वर्षं माझं रोजचं काम या एका संख्येभोवती फिरतं आहे, आणि तिच्याविषयी लिहावं असं फार दिवसांपासून मनात होतं.

मी पुण्यात लहान यंत्रांमधल्या चिपसाठी सॉफ्टवेअर लिहिते. दुकानातलं कार्डाचं मशीन, विजेचा स्मार्ट मीटर, दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप अशी ही यंत्रं. ती दूरच्या सर्व्हरशी बोलतात तेव्हा मधल्या कुणाला ते बोलणं कळू नये आणि कुणी त्यात फेरफार करू नये, एवढं पाहणं हे माझं काम. ‘सिक्युरिटी’त काम करते म्हटलं, की बहुतेकांना वाटतं की आमच्याकडे कुठलातरी गुप्त आकडा असतो आणि तो आम्ही जिवापाड जपतो. प्रत्येक यंत्राची स्वतःची गुप्त किल्ली असते हे खरं. पण ज्या संख्येवर सगळा डोलारा उभा आहे ती जगजाहीर आहे. ती मानकांच्या कागदपत्रांत छापलेली आहे, आणि कुणालाही ती घेऊन तपासता येते. माझ्या कामाने मला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. गुपितं टिकतात ती उघड्या पायावर.

दोन अनोळखी माणसांना उघड्या रस्त्यावर बोलून एक सामाईक गुपित ठरवता येतं, हे १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवलं. १९८५मध्ये नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचवलं, की हेच काम इलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्रांवरच्या बिंदूंनी करता येईल. आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असा एक वक्र मांडला, ज्याचं सगळं गणित माझ्या या मूळ संख्येच्या चौकटीत चालतं. संख्येवरूनच त्याचं नाव पडलं, कर्व्ह २५५१९. व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक खासगी संदेश ज्या एन्क्रिप्शनने झाकला जातो, त्यात हा वक्र आहे. सर्व्हरवर दुरून लॉग-इन करणाऱ्या प्रोग्रामरच्या हाताखालीही तोच असतो. म्हणजे ही संख्या आज कोट्यवधी खिशांत आहे आणि तिचं नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे.

‘चौकटीत चालतं’ म्हणजे काय, हे मी नव्या मुलांना १३ घेऊन समजावते. १३ हे या संख्येचं धाकटं भावंड आहे. दोनाचा चौथा घात १६, त्यातून ३ वजा केले की १३. घडण अगदी तीच. आता फक्त ० ते १२ एवढ्याच संख्या आहेत असं समजायचं. बेरीज-गुणाकार करायचा, १३ने भागायचं आणि बाकी ठेवायची. ५ गुणिले ८ म्हणजे ४०, बाकी १. या जगात ५ आणि ८ एकमेकांचे व्यस्त झाले. ५ने भागायचं असेल तर ८ने गुणायचं. १३ मूळ असल्यामुळे शून्य सोडून प्रत्येक संख्येला असा जोडीदार मिळतो आणि भागाकार कधी अडत नाही. १३च्या जागी १२ घेऊन पाहा. ३ गुणिले ४ म्हणजे थेट शून्य. दोन चांगल्या संख्यांचा गुणाकार शून्य होतो आणि ३ने भागायची सोयच राहत नाही. वक्रावरच्या बिंदूंची बेरीज करताना पावलोपावली भागाकार लागतो, म्हणून मूळ संख्येवाचून गत्यंतर नाही.

आता खरी अडचण यंत्राची. दोन २५५ बिटांच्या संख्यांचा गुणाकार केला की जवळपास ५१० बिटांची संख्या येते. तिला मूळ संख्येने भागून बाकी काढायची, आणि तेही एका किल्लीच्या हिशोबात हजारो वेळा. भागाकार हा चिपसाठी सगळ्यात महागडा व्यवहार. कित्येक स्वस्त चिपमध्ये तर भागाकाराची सूचनाच नसते. इथे त्या ‘वजा १९’ची किमया दिसते.

पुन्हा १३कडे येऊ. १६ आणि १३ यांत फरक ३चा, म्हणून बाकीच्या हिशोबात १६ आणि ३ एकच. १००ची बाकी काढायची आहे. १००मध्ये सहा सोळा आणि वर ४. प्रत्येक सोळ्याच्या जागी ३ ठेवले, की सहा त्रिक अठरा आणि ४ म्हणजे २२. २२मध्ये एक सोळा आणि वर ६. म्हणजे ३ आणि ६, ९. झालं. १०० भागिले १३, बाकी ९. भागाकार कुठेच केला नाही. आणि सोळाने ‘फोडणं’ यंत्राला फुकट पडतं, कारण सोळा हा दोनाचा घात आहे. तिथे फक्त बिट कुठे तोडायचे एवढंच ठरवायचं.

मोठ्या संख्येतही तसंच. दोनाचा २५५वा घात आणि १९ हे बाकीच्या हिशोबात एकच. गुणाकाराचा २५५ बिटांच्या वरचा भाग उचलायचा, १९ने गुणायचा, खालच्या भागात मिळवायचा. थोडं उरलं तर आणखी एकदा तेच. आमच्या ३२ बिटांच्या चिपवर आम्ही संख्येचे दहा तुकडे करतो, एकाआड एक २६ आणि २५ बिटांचे. पाच-पाच तुकडे मिळून बरोबर २५५ बिट होतात. दहा तुकडे गुणिले दहा तुकडे, शंभर छोटे गुणाकार, वरच्या घरांना १९चा गुणक, आणि मग शेवटी हातचे पुढे सरकवत न्यायचे. पहिल्यांदा हा कोड हाताने कागदावर मांडला तेव्हा प्राथमिक शाळेतल्या उभ्या गुणाकाराची आठवण झाली नाही असं होणं शक्यच नव्हतं. शेवटच्या घरातला हातचा १९ने गुणून पहिल्या घरात परत येतो, एवढाच काय तो फरक. ती वरून खाली वळणारी ओळ मी आजही कोडमध्ये आधी शोधते. ती नीट असेल तर बाकीचं नीट असण्याची शक्यता मोठी.

मग १९च का? बर्नस्टाइन यांनी आपल्या निबंधात पर्यायांची यादीच दिली आहे. साधारण या आकाराच्या, दोनाच्या घाताला लागून असलेल्या मूळ संख्या त्यांनी मांडल्या. २५५व्या घातात ९५ मिळवून एक, १९ वजा करून एक, ३१ वजा करून एक. २५४व्या घातात ७९ मिळवून एक. २५३व्या घातात ५१ आणि ३९ मिळवून दोन. यांतली १९ निवडली, कारण १९ हा ३१, ३९, ५१, ७९ आणि ९५ या सगळ्यांपेक्षा लहान आहे. बस, एवढंच कारण. गुणक लहान म्हणजे हातचे लहान, म्हणजे काम हलकं.

हे कारण वाचलं तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. त्याचं महत्त्व मात्र २०१३मध्ये नीट कळलं. त्या वर्षी अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेची कागदपत्रं बाहेर आली, आणि यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या एका प्रमाणित पद्धतीच्या स्थिरांकांत चोरवाट असावी असा संशय बळावला. ज्या संस्थेने ते मानक काढलं होतं तिनेच त्या सप्टेंबरात ती पद्धत वापरू नका असं सांगितलं. त्यानंतर आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी प्रत्येक मानकातला प्रत्येक आकडा हातात घेऊन विचारायला सुरुवात केली, की हा आला कुठून? काही प्रचलित वक्रांचे आकडे ज्या बीजांपासून काढले होते, ती बीजं कशी निवडली याचं स्पष्टीकरण कुठेच नव्हतं. त्यांत दोष आहे असं आजवर सिद्ध झालेलं नाही. पण ‘दोष सापडला नाही’ आणि ‘दोष ठेवायला जागाच नव्हती’ यांत अंतर आहे. कर्व्ह २५५१९चा प्रत्येक आकडा अटी पूर्ण करणारा सर्वांत सोपा किंवा सर्वांत लहान म्हणून आलेला आहे. वक्राच्या समीकरणातला ४८६६६२ सुद्धा तसाच, आणि सुरुवातीच्या बिंदूचा ९ही. जिथे निवडीला वाव नाही, तिथे लबाडीलाही वाव नाही.

पण ही संख्या खरोखर मूळ आहे हे कशावरून? नवीन मुलं हा प्रश्न क्वचित विचारतात; सगळे म्हणतात म्हणून ती मानून चालतात. मी मात्र त्यांना पहिल्याच आठवड्यात तो सोडवायला लावते. एकेक संख्येने भागून पाहायचं म्हटलं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे एका ३९ अंकी संख्येपर्यंत जावं लागेल. सेकंदाला अब्ज-अब्ज भागाकार करणारं यंत्र बसवलं तरी त्याला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शेकडो पट वेळ लागेल. मग खात्री कशी पटवायची?

उत्तर तिच्या शेजारणीत आहे. आपल्या संख्येतून १ वजा केला की जी संख्या उरते, तिचे अवयव पडतात असे: ७८१७६४ आणि एक ७१ अंकी मूळ संख्या. ७८१७६४ म्हणजे ४ गुणिले ३ गुणिले ६५१४७. आता हेन्री पॉकलिंग्टन यांनी १९१४ साली दिलेली कसोटी लावायची. दोनाचा ‘संख्या वजा १’ एवढा घात काढला तर बाकी १ येते. पण दोनाचा ७८१७६४वा घात काढला आणि त्यातून १ वजा केला, तर जे उरतं त्यात आणि आपल्या संख्येत एकही सामाईक अवयव नाही. एवढ्या दोन गोष्टी पडताळल्या की झालं. कारण समजा आपल्या संख्येला एखादा मूळ भाजक असेल, तर या दोन गोष्टींमुळे त्या भाजकातून १ वजा केलेल्या संख्येला ती ७१ अंकी संख्या भागणारच. म्हणजे तो भाजक ७१ अंकी संख्येहून मोठा. पण मूळ नसलेल्या संख्येला वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान मूळ भाजक असावाच लागतो, आणि इथे वर्गमूळ ३९ अंकी आहे. विरोध आला, म्हणजे संख्या मूळ ठरली. ती ७१ अंकी संख्या मूळ आहे का, हे पाहायला तीच रीत तिच्यावर. मग तिच्यातून निघालेल्या आणखी लहान संख्येवर. असं करत खाली उतरायचं.

पायथनमध्ये हे दोन घात काढायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पडद्यावर १ उमटतो आणि बसलेली मुलं एकदम सावरून बसतात, हे मी दरवर्षी पाहते. ज्या संख्येला भागत बसायला विश्वाचं आयुष्य पुरलं नसतं, तिच्याबद्दल आता त्यांना स्वतःच्या हाताने मिळालेली खात्री असते. कुणाच्या शब्दावर ठेवलेली नव्हे. ऑगस्ट २००२मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या आपल्या विद्यार्थ्यांबरोबर दाखवून दिलं, की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे नशिबावर किंवा सिद्ध न झालेल्या गृहीतकावर विसंबून न राहता, अंकांच्या मानाने वाजवी पायऱ्यांत ठरवता येतं. रोजच्या वापरात आम्ही त्याहून वेगवान कसोट्या घेतो. पण मूळ असणं ही वाजवी वेळात ठाम कळू शकणारी गोष्ट आहे, हे त्या तिघांनी कायमचं पक्कं केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मूळ असण्याचे फायदे पुढे कामात उलगडत जातात. भागाकारासाठी व्यस्त हवा असतो. तो काढायची युक्लिडची प्राचीन रीत झटपट आहे, पण तिच्या पायऱ्यांची संख्या समोरच्या संख्येप्रमाणे बदलते. पॉल कोचर यांनी १९९६मध्ये दाखवून दिलं, की यंत्राला लागणारा वेळ मोजून आतली गुप्त किल्ली ओळखता येते. म्हणून आमच्या कोडमध्ये किल्लीवर अवलंबून असलेलं एकही ‘जर-तर’ चालत नाही. किल्ली कुठलीही असो, पायऱ्या तेवढ्याच हव्यात. इथे फर्माचा छोटा सिद्धांत मदतीला येतो. मूळ संख्येच्या जगात एखाद्या संख्येचा ‘मूळ संख्या वजा २’ एवढा घात हाच तिचा व्यस्त असतो. १३मध्ये ५चा अकरावा घात काढा, बाकी ८ येते. मोठ्या संख्येत हा घात २५४ वर्ग आणि फक्त ११ गुणाकार करून निघतो, आणि दरवेळी तेवढ्याच पायऱ्यांत. वर्गमूळाचंही तसंच. आपल्या संख्येला ८ने भागलं तर बाकी ५ उरते, १३लाही तेवढीच उरते. अशा मूळ संख्यांत एकच घात काढून वर्गमूळ हाती येतं, फार तर शेवटी ‘उणे एकच्या वर्गमूळा’ने गुणावं लागतं. १३मध्ये हे वर्गमूळ ८ आहे, कारण ६४ची बाकी १२, म्हणजेच उणे १. डिजिटल सही तपासताना आम्ही नेमकं हेच करतो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे ही संख्या फार लक्ष मागते. २५५ बिटांत जेवढ्या संख्या मावतात, त्यांतल्या अगदी शेवटच्या एकोणीस संख्या आपल्या चौकटीच्या बाहेरच्या आहेत. मूळ संख्या स्वतः तिथे ०चं दुसरं रूप म्हणून येते, तिच्या पुढची १चं, आणि असं करत शेवटची १८चं. यंत्राने बाहेर पाठवण्याआधी त्यांना चौकटीतल्या रूपात आणलं नाही, तर एकाच संख्येची दोन रूपं फिरू लागतात आणि तुलना चुकते.

आमच्या टीममध्ये नव्याने आलेला एक मुलगा एकदा सकाळी खुशीत आला.

“मॅडम, रात्रभर रँडम टेस्ट चालवल्या. एकही फेल नाही.”

“छान. आता सगळेच्या सगळे २५५ बिट १ करून दे बरं.”

उत्तर १८ यायला हवं होतं. पडद्यावर २५५ एकांची रांग जशीच्या तशी परत आली. तो गोंधळला.

“पण मग रात्री एकदाही कसं नाही सापडलं?”

“त्या एकोणीस आहेत फक्त. जन्मभर टेस्ट चालवल्यास तरी नशिबाने एकही हाती लागणार नाही. त्या आपण मुद्दाम जाऊन गाठायच्या.”

त्याने ती दुरुस्ती स्वतः केली. १९ मिळवून पाहायचे. २५५ बिटांच्या बाहेर हातचा गेला तर संख्या चौकटीबाहेरची आहे हे कळतं. मग ‘जर-तर’ न लावता, दोन्ही उत्तरं काढून त्यांतलं योग्य ते बिटांच्या गाळणीने उचलायचं. आणि त्या एकोणीसही संख्यांच्या टेस्ट त्याने एकामागोमाग एक लिहून ठेवल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. यंत्र चुकेल कुठे हे संख्येची घडण समजून घेतल्याने कळतं, हे त्याला आता कुणी पुन्हा सांगायची गरज नव्हती.

मोठी मूळ संख्या म्हटली की वर्तमानपत्रांत बातमी येते ती विक्रमाची. ऑक्टोबर २०२४मध्ये ल्यूक ड्युरांट यांना सापडलेली संख्या, दोनाचा १३६२७९८४१वा घात वजा १, तब्बल ४,१०,२४,३२० अंकांची आहे. त्या शोधाचा मला आदर आहे. माणसाची जिज्ञासा अशीच पुढे जाते. पण माझ्या कामात मोठेपणा अंकांच्या लांबीवर मोजला जात नाही. याचा ताजा पुरावा पुढच्याच पिढीत आहे. क्वांटम संगणक पुरेसे मोठे झाले, तर १९९४मध्ये पीटर शोर यांनी दिलेल्या रीतीने आजचे इलिप्टिक कर्व्ह मोडता येतील. त्यासाठी ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नवी पद्धत प्रमाणित केली. तिच्या गाभ्यातली मूळ संख्या किती मोठी असावी? ३३२९. फक्त चार अंकी. ती निवडली कारण तिच्यातून १ वजा केला की ३३२८ उरतात, म्हणजे १३ गुणिले २५६. त्या २५६मुळे तिथल्या लांबलचक बहुपदींचे गुणाकार झपाट्याने होतात. सुरक्षितता तिथे वेगळ्या कोड्यातून येते. मूळ संख्येकडे काम आहे ते हिशोब सुकर करण्याचं.

सध्या प्रमुख ब्राउझर जुनी आणि नवी पद्धत एकत्र वापरू लागले आहेत; आमच्या चिपवरही आता त्या दोन्ही शेजारी-शेजारी बसवायचं काम चालू आहे. सत्त्याहत्तर अंकी संख्या आणि चार अंकी संख्या, दोघी एकाच किल्लीला हातभार लावतात. एक दिवस पहिलीचं काम संपेल, आणि ते व्हायलाच हवं. कुठलीही पद्धत तिच्यापेक्षा चांगली पद्धत येईपर्यंतच वापरायची असते. पण तिच्याकडून घेतलेली सवय मी सोडणार नाही. कोडमध्ये कुठलाही आकडा दिसला, तर हा कुठून आला आणि दुसरा का नाही, हे विचारायचं. उत्तर मिळालं तर ते स्वतः करून पाहायचं. मिळालं नाही, तर तो आकडा लोकांच्या पैशांच्या आणि खासगी बोलण्याच्या मुळाशी बसवायचा नाही. ३३२९च्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न आम्ही विचारले आहेत, आणि दोन्हींची उत्तरं कागदावर करून पाहिली आहेत. म्हणून ती आत आली.